होम असिस्टंटवर घरच्यांना वापरता येईल असा डॅशबोर्ड कसा मांडायचा

आमच्या स्वयंपाकघरात स्टीलची एक जुनी मांडणी आहे. रोजची ताटं, वाट्या, पेले हाताच्या उंचीवर. मोठी पातेली वरच्या फळीवर. पुरणयंत्र आणि चकलीचा सोऱ्या माळ्यावर, कारण ते सणावारालाच उतरतात. ही जागा आईने ठरवलेली आहे आणि लाइट गेले तरी तिचा हात बरोबर हव्या त्या भांड्यावर पडतो.

घरातले दिवे, पंखे, गिझर, पाण्याची मोटर असं सगळं एका पडद्यावर आणायचं ठरवलं तेव्हा माझ्या पहिल्या डॅशबोर्डवर साठाच्या वर बटणं होती. घरात जेवढं काही जोडलं होतं ते सगळं. आईने तो एकदा पाहिला आणि ती भिंतीवरच्या बटणाकडे गेली. पुढचे कित्येक महिने मी तो डॅशबोर्ड मोडून पुन्हा मांडत राहिलो. आता ती तो दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःहून वापरते. मधल्या काळात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. होम असिस्टंट नुकतंच चालू झालंय, चार-दोन उपकरणं जोडून झाली आहेत आणि आता पडद्यावर काय ठेवायचं हे कळत नाही, अशा वाचकासाठी हा लेख आहे.

ज्यांना होम असिस्टंट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: घरातली जोडलेली उपकरणं एका जागेवरून चालवणारं हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. पाउलस स्कौटसेन यांनी 2013 मध्ये ते सुरू केलं आणि 2024 पासून ओपन होम फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते सांभाळते. ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा घरातल्या एखाद्या जुन्या संगणकावर चालतं, आणि उपकरणं नीट निवडली तर इंटरनेट बंद असतानाही घर चालू राहतं. म्हणून मी ते निवडलं.

आधी वही आणि पेन

संगणक उघडण्याआधी दोन दिवस वही जवळ ठेवा. घरातलं कोण, किती वाजता, कोणत्या बटणाला हात लावतं आणि का, एवढंच लिहायचं. सुट्टीचा एक दिवस आणि कामाचा एक दिवस धरा.

आमच्या वहीत आलं ते असं. पहाटे साडेपाचला आई: देवघराचा दिवा, गिझर, मग पाणी आलं का म्हणून टाकीची चौकशी. सकाळी मी: मुलीच्या खोलीतला एसी चालू राहिलाय का. संध्याकाळी: अंगणातला दिवा, हॉलची ट्यूब. रात्री झोपताना: गिझर बंद आहे ना, मोटर बंद आहे ना, मागचं दार लावलंय ना.

यातल्या अर्ध्या नोंदी प्रश्न आहेत. कुणाला काही चालू-बंद करायचं नव्हतं, फक्त खात्री हवी होती. नवख्या माणसाच्या डॅशबोर्डवर बटणंच बटणं असतात आणि उत्तरं कुठेच नसतात, त्याचं कारण त्याने हा कागद केलेला नसतो. वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे 'करायचं' किंवा 'बघायचं' असं लिहा. रोजचं हाताशी येईल, आठवड्याचं दुसऱ्या पानावर जाईल, राउटरचा वेग किंवा सेन्सरची बॅटरी असलं सगळं माळ्यावर, म्हणजे तुमच्या एकट्याच्या वेगळ्या डॅशबोर्डवर.

नावं नीट करा, मगच पुढे जा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे ते टाळतात. मीही टाळलं होतं आणि नंतर पूर्ण डॅशबोर्ड दुरुस्त करत बसावं लागलं.

होम असिस्टंटमध्ये प्रत्येक गोष्टीला दोन नावं असतात. एक दिसणारं नाव आणि एक आतलं नाव, ज्याला एंटिटी आयडी म्हणतात. डॅशबोर्डवरच्या चौकटी, म्हणजे कार्डं, आतल्या नावाला बांधलेली असतात. दिसणारं नाव कितीही वेळा बदला, काही बिघडत नाही. आतलं नाव बदललंत की ते नाव वापरणारं कार्ड लगेच 'एंटिटी सापडत नाही' म्हणू लागतं. म्हणून आतली नावं डॅशबोर्ड करण्याआधीच पक्की करा.

मराठी वाचकांसाठी इथे एक खास सूचना. उपकरण जोडताना त्याला सरळ देवनागरी नाव दिलंत तर आतलं नाव त्यावरून यंत्र आपल्या मनाने रोमन लिपीत बनवतं आणि ते पुढे ओळखूही येत नाही. आधी साधं रोमन नाव द्या, त्यावरून आतलं नाव बनू द्या, मग दिसणारं नाव 'देवघराचा दिवा' असं करा. आणि घरात जे म्हणतात तेच लिहा. आमच्याकडे 'मास्टर बेडरूम' कुणीच म्हणत नाही, ती 'आतली खोली' आहे. डॅशबोर्डवरही ती आतली खोलीच आहे.

त्याच बैठकीत सेटिंग्जमध्ये एरिया तयार करून प्रत्येक उपकरण आपापल्या खोलीत घाला. दुमजली घर असेल तर मजलेही नोंदवता येतात.

कोरा डॅशबोर्ड

होम असिस्टंट स्वतःहून एक डॅशबोर्ड तयार करून देतं आणि त्यात जे सापडेल ते सगळं भरतं. त्याला हात लावू नका. काही शोधायचं असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. सेटिंग्जमधल्या डॅशबोर्ड्स या पानावर जाऊन नवा, कोरा डॅशबोर्ड घ्या. त्याला नाव द्या, 'घर'.

डॅशबोर्डच्या आत पानं असतात, त्यांना व्ह्यू म्हणतात. नव्या पानाचा प्रकार 'सेक्शन्स' असाच राहू द्या. नोव्हेंबर 2024 पासून तोच ठरलेला प्रकार आहे. जुने व्हिडिओ पाहून शिकणारे 'मेसनरी' या जुन्या प्रकारात अडकतात. त्यात कार्ड कुठे बसेल हे यंत्र ठरवतं, फोनवर एक आणि टॅब्लेटवर दुसरंच दिसतं. रोज हात जिथे जातो तिथून बटण हललं तर माणसाचा विश्वास उडतो. सेक्शन्समध्ये कार्डं ओढून हवी तिथे ठेवता येतात आणि प्रत्येकाची रुंदी-उंची लेआउट या टॅबमधून ठरवता येते. फोनवर हेच विभाग एकाखाली एक येतात, म्हणून सगळ्यात महत्त्वाचा विभाग पहिला ठेवा.

विभाग खोल्यांप्रमाणे पाडायचे की वेळेप्रमाणे? बहुतेक जण खोल्यांप्रमाणे पाडतात. माझं मत वेगळं आहे. पहिल्या पानावर सकाळ, संध्याकाळ आणि 'झोपण्याआधी' असे विभाग करा, कारण वहीत तुम्ही तसंच लिहिलं होतं. खोल्यांचं पान दुसरं. अंगणातला दिवा आणि देवघराचा दिवा वेगवेगळ्या जागी असले तरी तिन्हीसांजेला एकापाठोपाठ लागतात, तर ते शेजारी असावेत.

टाइल कार्ड आणि त्यातली एक गोम

कार्डांचे प्रकार पुष्कळ आहेत. सुरुवातीला टाइल हे एकच कार्ड घ्या आणि त्यातच नव्वद टक्के डॅशबोर्ड करा. सगळी बटणं एकसारखी दिसली की एकदा शिकलेलं सगळीकडे लागू पडतं.

गोम अशी आहे. दिव्याच्या टाइलवर डावीकडच्या गोल चिन्हावर बोट ठेवलं तर दिवा लागतो, पण नावावर बोट पडलं तर तपशिलाची खिडकी उघडते. ज्याने हे बनवलं त्याला त्यात सोय दिसत असेल. सत्तरीतल्या माणसाच्या हातून मात्र कधी दिवा लागतो आणि कधी भलतंच पान उघडतं, आणि आपणच काहीतरी चुकवलं असं वाटून ते पुन्हा हात लावत नाहीत. कार्डाच्या संपादनात इंटरॅक्शन्स या भागात टॅप केल्यावर काय व्हावं ते 'टॉगल', म्हणजे चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू, असं करा. तपशील हवे असतील तर ते दाबून धरल्यावर उघडू द्या. एवढ्या एका बदलाने आमच्या घरातली निम्मी तक्रार संपली.

बटणाचा आकार मोठा ठेवा. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत बोटासाठी किमान 48 डीपी (पडद्यावरच्या मापाचं एकक), म्हणजे साधारण 9 मिलिमीटर जागा सांगितली आहे. ती तरुण, कोरड्या बोटासाठी ठीक आहे. कणीक मळता मळता दिवा लावणाऱ्या हातासाठी दुप्पट धरा. आणि चालू-बंद फक्त रंगावरून कळेल असं करू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारं एखादं माणूस घरात असू शकतं.

गिझर

आता थोडं सावकाश, कारण इथे डॅशबोर्डचा खरा उपयोग दिसतो.

आधी तारेचं. 2000 वॉटचा गिझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर घेतो, 3000 वॉटचा 13 अँपिअर. 6 किंवा 10 अँपिअरचा स्मार्ट प्लग याला चालत नाही. 16 अँपिअरचा, वीजवापर मोजणारा घ्या, आणि तो वायरमनकडून बसवून घ्या.

वापर मोजणारा का? कारण गिझर चालू असणं आणि पाणी तापलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिझरचं बटण चालू असतं, पण पाणी तापलं की आतला थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि वापर शून्यावर येतो. म्हणजे बटण चालू आणि वापर 10 वॉटच्या खाली असेल तर आंघोळीचं पाणी तयार आहे. हे उत्तर एकही ओळ कोड न लिहिता पडद्यावर आणता येतं.

एक मार्कडाउन कार्ड, म्हणजे साधा मजकूर दाखवणारं कार्ड, घ्या आणि त्यात लिहा: 'पाणी तापलंय'. मग त्याच कार्डाच्या व्हिजिबिलिटी टॅबमध्ये दोन अटी घाला. पहिली स्टेट प्रकारची: गिझरचा स्विच चालू असावा. दुसरी न्यूमेरिक स्टेट प्रकारची: गिझरचा वापर 10 पेक्षा कमी असावा. दोन्ही खऱ्या असतील तेव्हाच कार्ड दिसेल. बटण लावल्या लावल्या काही सेकंद हे कार्ड चुकून चमकून जातं, कारण प्लग वापराचा आकडा थोडा उशिरा पाठवतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आई आता पहाटे गिझर लावते, पूजेची तयारी करते आणि येता-जाता पडद्याकडे एक नजर टाकते. आधी ती अंदाजाने वीस मिनिटं धरायची. थंडीत पाणी कोमट निघायचं आणि उन्हाळ्यात वीज फुकट जायची.

पाण्याची टाकी आणि मोटर

आमच्याकडे नळाचं पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, खालच्या हौदात पडतं आणि तिथून मोटरने वरच्या टाकीत जातं. टाकीची पातळी मोजायला झाकणाखाली अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) सेन्सर लावतात. पाणी त्याच्या फार जवळ आलं, म्हणजे 20-25 सेंटिमीटरच्या आत, की हे स्वस्त सेन्सर चुकीचे आकडे देतात. सेन्सर तेवढा उंच बसवा. झाकणाखाली वाफेचे थेंब धरले तरी आकडा उड्या मारतो. म्हणून टाकी काठोकाठ भरल्याचं कळायला मी वेगळा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) ठेवला आहे.

पडद्यावर यासाठी गेज कार्ड चांगलं. मात्र '47 टक्के' हा आकडा घरात कुणाच्या कामाचा नाही. गेजच्या कोडमध्ये सेगमेंट्स लिहिता येतात आणि प्रत्येक टप्प्याला स्वतःचं लेबल देता येतं, मग आकड्याच्या जागी ते शब्द दिसतात. आमच्या गेजवर तीनच शब्द आहेत: 'भरली', 'अर्धी', 'मोटर लावा'.

मोटरचं बटण मात्र दिव्यासारखं ठेवू नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. तिला स्मार्ट प्लगवर लावणं धोक्याचं आहे. वायरमनकडून कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह झेलणारा विजेवर चालणारा स्विच, बसवून घ्या आणि तुमच्या स्मार्ट रिलेने (दुरून चालू-बंद करता येणाऱ्या छोट्या स्विचने) फक्त त्या कॉन्टॅक्टरला इशारा द्यावा. कोरडी चालून मोटर जळू नये म्हणून ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय रिलेतच करा. वायफाय गेलं किंवा होम असिस्टंट बंद पडलं तरी ती चालली पाहिजे.

आणि चुकून बोट लागलं तर? टाइल कार्डाचा कोड एडिटर उघडून टॅप ॲक्शनच्या खाली कन्फर्मेशन जोडा. त्यातला प्रश्न मराठीत लिहिता येतो. आमच्याकडे येतो: 'मोटर लावायची का? हौदात पाणी आहे ना?' हे कन्फर्मेशन चिन्हाच्या टॅपलाही वेगळं जोडावं लागतं, नाहीतर नावावर दाबलं तर विचारतं आणि चिन्हावर दाबलं तर न विचारता मोटर सुरू होते. हे मला उशिरा कळलं.

लागेल तेव्हाच दिसेल असं

गिझरसाठी वापरलेली व्हिजिबिलिटी हीच डॅशबोर्ड आटोपशीर ठेवण्याची खरी युक्ती आहे. मागचं दार उघडं असेल तरच 'मागचं दार उघडं आहे' हे कार्ड. एसी चालू असेल तरच एसीचं कार्ड. 'झोपण्याआधी' या विभागात आमच्याकडे सगळं नीट असेल तर एकच ओळ दिसते, 'सगळं बंद आहे', आणि आई ती वाचून झोपायला जाते.

वीज गेल्याचंही असंच दाखवता येतं. राउटर आणि होम असिस्टंट इन्व्हर्टरवर घ्या, आणि एक साधा स्मार्ट प्लग इन्व्हर्टर नसलेल्या लाइनवर लावून ठेवा. वीज गेली की तो प्लग 'अनअव्हेलेबल' होतो. ती अट घालून एक कार्ड करा: 'लाइट गेलेत, घर इन्व्हर्टरवर आहे'. त्याच वेळी गिझर आणि एसीची कार्डं लपवा, म्हणजे उगाच कुणी ती दाबत बसणार नाही.

लपवणं म्हणजे कुलूप लावणं असं समजू नका. एखादं पान ठरावीक माणसालाच दाखवता येतं, पण ते फक्त नजरेआड होतं. माहीतगार माणूस त्या उपकरणापर्यंत पोचू शकतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आईच्या खोलीत रात्री उठताना दिवा लागावा म्हणून हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. तो डॅशबोर्डवर टाकला असता तर ती किती वाजता उठली, किती वेळा उठली हे घरात सगळ्यांना, परगावच्या भावालाही दिसलं असतं. मी तिला विचारलं. ती नको म्हणाली. सेन्सर आपलं काम करतो आणि पडद्यावर तो कुठेही नाही. घरातल्या माणसांच्या वावराची नोंद दाखवण्याआधी त्यांना विचाराच.

भिंतीवरचा टॅब्लेट

फोनवर सगळं चालत असलं तरी घराला एक सामायिक पडदा असावा. जुना अँड्रॉइड टॅब्लेट पुरतो. त्यावर फुली किऑस्क ब्राउझर हे ॲप टाकलं की फक्त तुमचा डॅशबोर्ड पूर्ण पडद्यावर दिसतो आणि माणूस समोर आला की पडदा जागा होतो. त्यातल्या काही सुविधांना पैसे पडतात. टॅब्लेटसाठी होम असिस्टंटमध्ये वेगळा वापरकर्ता करा आणि त्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नका.

जागा निवडताना गॅसपासून लांब, कारण फोडणीची वाफ आणि तेल काचेवर बसतं. पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. उंची तुमच्या डोळ्यांची धरू नका, घरात सगळ्यात बुटकं जे कोणी रोज वापरणार आहे त्यांची धरा.

चोवीस तास चार्जिंगवर ठेवलेल्या टॅब्लेटची बॅटरी फुगू शकते. चार्जर स्मार्ट प्लगवर लावा, टॅब्लेटच्या बॅटरीचा आकडा होम असिस्टंटमध्ये घ्या, आणि 30 टक्क्यांना चार्जिंग सुरू, 80 ला बंद असं ऑटोमेशन (आपोआप चालणारा नियम) करा.

आणि भिंतीवरचं मूळ बटण कधीही काढू नका. स्मार्ट बल्बऐवजी बोर्डच्या आत बसणारं रिले मॉड्यूल घेतलंत तर जुनं बटण आणि पडदा दोन्ही चालतात. बोर्डात न्यूट्रल तार आहे का हे खरेदीआधी वायरमनला विचारा. स्मार्ट बल्ब असेल आणि पाहुण्याने भिंतीवरचं बटण बंद केलं, तर पडद्यावरचं बटण मेलेलं असतं.

घरच्यांच्या हाती देताना

डॅशबोर्ड तयार झाला की काहीही न समजावता घरच्यांना वापरू द्या. 'अंगणातला दिवा लाव बघू' एवढंच म्हणा आणि गप्प बसा. बोट कुठे थबकतं, आधी कुठे जातं, ते वहीत लिहा. मदत करायचा मोह आवरा, कारण तुम्ही नसताना तेच होणार आहे. माझी मुलगी सोडून घरात सगळ्यांचं बोट वरच्या डाव्या कोपऱ्यात आधी जात होतं आणि तिथे मी हवामान ठेवलं होतं. आता तिथे देवघराचा दिवा आहे.

आठवड्याने पुन्हा पाहा. जे बटण कुणीच दाबलं नाही ते दुसऱ्या पानावर हलवा. महिनाभर तिथेही दाबलं नाही तर काढा. एका वेळी एकच बदल करा आणि केला की सांगा.

जपून ठेवणं

होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येते. ती त्याच दिवशी घालायची गरज नाही, आठवडाभर थांबलेलं बरं. हॅक्स या सामुदायिक भांडारातून मश्रूमसारखी देखणी कार्डं मिळतात, पण बाहेरचं कार्ड नव्या आवृत्तीशी जुळलं नाही की पहाटे आईसमोर रिकामी चौकट येते. आमच्या मुख्य पानावर बाहेरचं एकही कार्ड नाही. माझे प्रयोग माझ्या वेगळ्या डॅशबोर्डवर चालतात. सिस्टिममध्ये बॅकअप आपोआप होतील असं करा आणि एक प्रत त्या यंत्राबाहेर ठेवा. डॅशबोर्डचा मजकूर रॉ कॉन्फिगरेशन एडिटरमधून उचलून साध्या फाइलमध्ये चिकटवून ठेवला तर एखादा बदल फसल्यावर पाच मिनिटांत मागे येता येतं. बाहेरगावाहून घर पाहायचं असेल तर राउटरवर थेट पोर्ट उघडू नका. टेलस्केल (बाहेरून घराच्या नेटवर्कशी खासगी, सुरक्षित जोडणी करणारं ॲप) किंवा होम असिस्टंट क्लाउड वापरा.

शेवटचं काम पुन्हा कागदाचंच. कोणतं मॉड्यूल कोणत्या बोर्डात आहे, मोटरचा कॉन्टॅक्टर कुठे आहे, सगळं बंद पडलं तर मोटर हाताने कशी लावायची आणि वायरमनचा नंबर, हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहा आणि टॅब्लेटच्या शेजारी भिंतीला चिकटवा.